मावशीचं पत्र आणि मास्तरांची दाढ

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची खालची उजवी दाढ सोमवारी कुरकुरली, मंगळवारी ओरडली आणि बुधवारी तिने मास्तरांना भिंतीला डोकं टेकवून उभं केलं. तेव्हा कुठे त्यांनी दाताच्या दवाखान्यात फोन लावला.

मास्तर बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवत होते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली जादा ब्रेक ठेवायचा आणि दिवसभर बोलायचं, हा त्यांचा धंदा. ‘आरसा बघा. क्लच. क्लच! समोर आजोबा आहेत, ते तुमच्यासाठी धावणार नाहीत.’ घरी आल्यावर उरलेलं बोलायचं. आणि गेली तीन वर्षं ते उरलेलं सगळं एकाच विषयावर खर्च होत होतं: कवडसा.

कवडसा म्हणजे सिनेमातला सुपरहिरो. जिथे उन्हाची तिरीप शिरते तिथे हा शिरतो. दाराच्या फटीतून, कौलाच्या भोकातून, किल्लीच्या छिद्रातून. ढग आले की मात्र बिचारा बसच्या रांगेत उभा राहतो. पहिला भाग मास्तरांनी नऊ वेळा पाहिला होता. त्याच्या शेवटी कवडसा आपल्या वैरिणीच्या, म्हणजे अमावस्येच्या बोटात अंगठी घालतो आणि पडदा काळा होतो. दुसरा भाग पुढच्या शुक्रवारी लागणार होता.

गुरुवारी दवाखान्यात निघताना मास्तरांनी कवडशाचं चित्र असलेला टी-शर्ट घातला. बायको शिलाई मशीनवरून मान वर करून म्हणाली, “डॉक्टरकडे हा शर्ट?”

“डॉक्टर दात बघणार. शर्ट नाही.”

इथेच चुकलं.

डॉक्टरीणबाई पंचेचाळिशीच्या, बारीक चणीच्या. मास्क लावला की नुसते डोळे दिसत, आणि ते डोळे माणसाच्या तोंडाआधी त्याचा खोटेपणा तपासत. त्यांच्या मदतीला साठीला टेकलेल्या एक बाई होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. लाळ ओढून घेणारी नळी मावशींच्या हातात असे, आणि त्या नळीमुळे दवाखान्यात कोण बोलणार आणि कोण नाही, हे मावशी ठरवत.

दाढेचा फोटो निघाला. मूळ सडलंय, तीन बैठका लागतील, असं ठरलं. सुई टोचली. पाच मिनिटांत मास्तरांचा अर्धा चेहरा त्यांचा राहिला नाही.

“ओठ जड वाटतोय?”

“हो,” मास्तर म्हणाले. त्या दिवसाचा तो त्यांचा शेवटचा कळण्याजोगा शब्द.

मग डॉक्टरांची नजर शर्टावर गेली. “तुम्ही सिनेमावाले का?”

मास्तरांनी अभिमानाने मान हलवली.

“वाटलंच,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

“कवडशाच्या चित्रकथांचे बेचाळीस अंक निघाले होते, हे तरी ठाऊक आहे ना? पातळ, पिवळ्या कव्हरचे. माझ्याकडे सगळे आहेत, लहानपणापासून. बेचाळिसावा तर आता दुसऱ्या कुणाकडे उरलेलाच नाही. त्यात तो घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून बसलेला असताना भिंगातून ऊन आत जातं, म्हणून तो कवडसा होतो. तुमच्या सिनेमात कोण आहे? कारखानदाराचा मुलगा! मूळच उपटून टाकलं, तर राहिलं काय?”

“आँ आ ऊ,” मास्तर म्हणाले.

“तुमचं नाही उपटत, घाबरू नका. तुमचं फक्त साफ करतेय. आणि ती अमावस्या. ती त्याची कोण लागते?”

“आँ?”

“मावशी!”

“काय हो?” मावशी म्हणाल्या.

“तुम्ही नाही. त्याची मावशी. सख्खी! बेचाळिसाव्या अंकात तिचं पत्र येतं. ‘बाळा, मी तुझ्या आईची सख्खी धाकटी बहीण.’ आणि सिनेमावाल्यांनी तिच्याशीच त्याची सोयरीक जुळवली. माय मरो पण मावशी जगो, असं म्हणतात ते काय यासाठी?”

मावशींना दया आली. त्यांनी नळी बाहेर काढली. “बोलू द्या की त्यांनाही.”

मास्तरांनी सगळा जोर लावला. “आनलेई आवही अहेल!”

“काय म्हणाले?”

“पाणी मागतायत बहुतेक,” मावशींनी सांगितलं आणि नळी पुन्हा आत घातली.

मास्तरांना म्हणायचं होतं, मानलेली मावशी असेल. त्यांचा उजवा पाय खुर्चीवर आपोआप ब्रेक शोधत होता.

डॉक्टर आता रंगात आल्या होत्या. “आणि ते पत्र वाचल्यावर काय होतं? काहीही नाही! पान उलटलं की कवडसा थेट गच्चीवर, एकटा. मधलं काही दाखवलेलंच नाही. केवढं धाडस लागतं त्याला! ती रिकामी जागा वाचकाने भरायची. मी तेहतीस वर्षं भरतेय. आता काही शहाणे इंटरनेटवर लिहितात की पत्र बनावट होतं म्हणे. आधी सिनेमा बघायचा आणि मग त्यावरून पत्र खोटं ठरवायचं! तुम्ही वाचलाय ना तो अंक?”

मास्तरांनी एकही अंक वाचलेला नव्हता. तोंड मोकळं असतं, तर त्यांनी तसं सांगून वर दहा मिनिटं कारणं दिली असती. पण नुसत्या मानेत कारणं मावत नाहीत. हो तरी मावतं, नाही तरी. नाही म्हणजे हार होती.

मास्तरांनी हो केलं.

घरी येऊन त्यांनी चहा प्यायला, अर्धा तोंडात आणि अर्धा शर्टावर. “बाई बोलत सुटल्या, आणि मला एक अक्षर बोलता येईना!”

“कधी नव्हे ते,” बायको म्हणाली.

“अगं, हा अन्याय आहे. वाद म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा. वाचलाय का विचारलं, मी ठोकून दिलं, वाचलाय.”

बायकोने मशीनचं चाक हाताने थांबवलं, नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा फिरवलं. त्या पाहण्याचा अर्थ मास्तरांच्या लक्षात यायला हवा होता.

पुढच्या सोमवारपर्यंत त्यांनी तोड काढली. शिकाऊ गाड्यांना लावायच्या पाट्यांचा एक गठ्ठा घरात पडून होता, एका बाजूला मोठा लाल ‘एल’, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर आपली बाजू लिहून न्यायची. डॉक्टर एक मुद्दा मांडतील, आपण एक पाटी वर करायची. मास्तरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून लिहायचं काम बायकोकडे. तिने जाड पेनाने सुबक अक्षरांत पाट्या लिहिल्या, कोपऱ्यात आकडे घातले, एकावर एक रचून पिशवीत ठेवल्या. मास्तरांना कौतुक वाटलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि बायकोने त्यांच्या छंदात रस घेण्याची ही पहिलीच वेळ.

सोमवारी भूल चढली, डॉक्टरांनी तोंडात कापूस भरला आणि विचारलं, “हं, मग काय म्हणतो सिनेमा?”

मास्तरांनी आडव्याआडव्या पहिली पाटी वर केली. ‘सिनेमा वेगळा, अंक वेगळा. दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात.’

डॉक्टरांनी वाचलं. मग त्यांचे डोळे हसले. “जातात. पण एक मधेच दरीत कोसळतो.”

दुसरी पाटी. ‘मावशी मानलेली असू शकते.’

“पत्रात ‘सख्खी’ लिहिलंय. ठळक अक्षरांत!”

तिसरी. ‘श्रीमंतांच्या घरांना खिडक्या जास्त. म्हणून ऊन जास्त. म्हणून कारखानदाराचा मुलगा.’

“हे मात्र खरं आहे हो,” मावशी म्हणाल्या. “आमच्या खोलीत दुपारी दोननंतरच येतं.”

मास्तरांची छाती फुगली. त्यांनी चौथी पाटी उचलली. पाट्यांची लिहिलेली बाजू डॉक्टरांकडे असायची, मास्तरांना स्वतःला दिसायचा तो नुसता लाल ‘एल’.

मशीन थांबलं.

डॉक्टरांनी पाटी वाचली. मावशींनी मान वाकडी करून वाचली. मग डॉक्टरांनी मशीन खाली ठेवलं, तोंड फिरवलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मावशींनी नळी मास्तरांच्या तोंडाऐवजी कॉलरमध्ये घातली. मास्तरांना वाटलं, घाव वर्मी बसला. त्यांनी पाटी आणखी उंच धरली.

“राहू द्या, राहू द्या,” डॉक्टर कशाबशा म्हणाल्या. “कळलं.”

तेव्हा मास्तरांनी पाटी उलटी करून पाहिली. सुबक अक्षरांत लिहिलं होतं, ‘यांनी एकही अंक वाचलेला नाही. सिनेमा मात्र नऊदा. दाढ दुखली तरी बोलणं थांबत नाही, जरा सावकाश घ्या. – यांची बायको.’

मास्तरांचा बधिर अर्धा चेहरा तसाच राहिला. उरलेला अर्धा लाल झाला.

दाढ भरून, कॅपचं माप घेऊन झाल्यावर डॉक्टरांनी कपाट उघडलं. प्लास्टरच्या दातांच्या ओळीमागून एक पुठ्ठ्याचा खोका निघाला. “घेऊन जा. बेचाळीसच्या बेचाळीस. हात धुऊन उघडायचे. खाताना वाचायचे नाहीत. जांभई आली तर तोंड बाजूला करायचं. गुरुवारी कॅप बसवायला याल, तेव्हा बोलू.”

घरी मास्तर बायकोशी तासभर बोलले नाहीत. मग त्यांनी हात धुऊन पहिला अंक उघडला, आणि आपण बोलत नव्हतो हे विसरून गेले.

अंकातला कवडसा लहानशा दुकानात बसायचा. लोक बंद पडलेली घड्याळं घेऊन यायचे आणि नकळत आपली गाऱ्हाणी सांगून जायचे. मारामाऱ्या कमी होत्या, वाट बघणं जास्त. अठराव्या अंकात सलग सहा पानं ढग होते, आणि सहाही पानं तो खिडकीशी बसून होता. मास्तरांना सिनेमातली एकही उडी आठवेना. मंगळवारी त्यांनी दोन अंक प्लास्टिकच्या पाकिटात घालून कामावर नेले. त्या दिवशी एक शिकाऊ बाई एकाच चौकाला चार वळसे घालत राहिल्या, कारण मास्तरांनी ‘आता उजवीकडे’ म्हटलंच नाही.

बुधवारी सकाळी बेचाळिसावा अंक हातात आला. हे शेवटचे दोन कागद उलटले की संपलं, या विचाराने मास्तर पान उलटायला रेंगाळत होते. पत्र आलं. ‘बाळा, मी तुझ्या आईची सख्खी धाकटी बहीण.’ पुढचं पान बोटांत धरलं, आणि ते थांबले.

“अगं, हे पान जाड आहे.”

“मग?”

“बाकीची पातळ आहेत. हे एकच जाड.”

त्यांनी ते खिडकीसमोर धरलं. उजेडात एका चित्रामागे दुसरं चित्र दिसलं. दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती, कडेपासून कडेपर्यंत, नीट डिंक लावून. अंकाच्या पानांवर आकडे नव्हते, त्यामुळे मधली दोन पानं गेल्याचं कुणालाच कळलं नसतं.

बायकोने अंक हातातून काढून घेतला. रोज शिवलेल्या कपड्यांच्या घड्या बसवणारा तिचा हात. तिने वर ओलसर फडकं घातलं, इस्त्री हलकी तापवून वरच्या वर फिरवली, आणि कोपऱ्यात सुईचं टोक घालून पानं अशी सोडवली, जशी उसवलेली शिवण सोडवतात. एक टवकाही उडाला नाही.

आतल्या पानावर कवडसा डोळ्याला भिंग लावून पत्र तपासत होता. आईने जपून ठेवलेल्या, तिच्या बहिणीच्या जुन्या चिठ्ठीतला ‘ख’ वेगळा, या पत्रातला ‘ख’ वेगळा. पत्र बनावट! दुसऱ्या पानभर अमावस्या उभी होती, केस मोकळे, आणि म्हणत होती, ‘मी कुणाचीही मावशी नाही!’ तिच्या ओठांवर कुणीतरी निळ्या पेनाने भरघोस, टोकं वळवलेल्या मिशा काढल्या होत्या.

मास्तर खुर्चीवरून उठले. “मी जिंकलो! सिनेमा बरोबर होता! आत्ता जातो आणि तोंडावर...”

“कॅप बसलीय का?” बायकोने विचारलं.

“उद्या बसणार.”

“कोण बसवणार?”

मास्तर हळूच खाली बसले.

“आधी कॅप,” बायको म्हणाली. “मग काय ते जिंका.”

गुरुवारी भूल द्यायची नव्हती. मास्तरांचं तोंड पहिल्यांदाच मोकळं होतं, जीभ शाबूत होती, पिशवीत पुरावा होता, आणि मास्तर मूग गिळून बसले होते.

“वाचले का अंक?” डॉक्टरांनी विचारलं.

“वाचले.”

“आवडले?”

“फार.”

डॉक्टरांनी मास्क खाली ओढून त्यांच्याकडे पाहिलं. “बरं नाही का तुम्हाला? सूज आहे? मावशी, जरा दिवा इकडे करा.”

सूज नव्हती. निळा कागद चावायला दिला, उंचवटा घासला, पुन्हा चावायला दिला. कॅपमध्ये सिमेंट भरलं, दाबून धरलं. “दोन तास कडक काही नको,” असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा मास्तर खुर्चीवरून उतरले, दाराच्या जरा जवळ जाऊन उभे राहिले आणि पिशवीतून अंक काढला.

“डॉक्टर, हे पान बघा. चिकटलेलं होतं. माझ्या बायकोने सोडवलं. फाटलेलं नाही.”

डॉक्टरांनी अंक घेतला. उभ्याने पाहिला. मग मागे हात चाचपत त्या पेशंटच्याच खुर्चीवर बसल्या. मावशींनी काही न विचारता वरचा दिवा पानावर वळवला.

मास्तरांनी न्हाणीघरात दोनदा भाषण म्हणून पाहिलं होतं. सुरुवात ‘तर डॉक्टर’ अशी होती आणि शेवटी थोडा मोठेपणा होता. पण डॉक्टरांचं बोट एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर सरकत होतं आणि मास्कमागे ओठ हलत होते, नुकतं वाचायला शिकलेल्या पोरीसारखे. सगळे अंक पाठ असलेल्या बाईला तेहतीस वर्षांनी कवडशाची दोन नवी पानं मिळाली होती. मास्तर गप्प राहिले. या खेपेला त्यांना कुणी गप्प बसवलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत कुणीतरी खोकलं. मावशी दार किलकिलं करून म्हणाल्या, “डॉक्टर वाचतायत. दहा मिनिटं बसा.”

अखेर डॉक्टरांनी मान वर केली. “या मिशा कुणी काढल्या?”

“आम्ही नाही!” मास्तर घाईघाईने म्हणाले.

“तुम्ही नाही, ते दिसतंय. या मिशा मी ओळखते.” त्यांनी फोन उचलला आणि लावून, स्पीकर चालू करून मधे ठेवला. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ होता, एका विमा कंपनीतला मोठा अधिकारी.

“कवडसा, अंक बेचाळीस,” डॉक्टर म्हणाल्या. “डिंक.”

पलीकडे खुर्ची करकरली. मग मोठा अधिकारी अगदी बारीक आवाजात म्हणाला, “ताई, मी सहा वर्षांचा होतो गं.”

“चिकटवलंस कशाला?”

“मिशा पुसून बघितल्या, पुसल्या नाहीत. तू मला बडवलं असतंस.”

“आता बडवीन. मी जगाला सांगत फिरले, मधलं मुद्दाम सोडलंय, केवढं धाडस म्हणून!”

“ऐकलंय मी ते. माझ्या लग्नातसुद्धा सांगितलंस. त्यानंतर मला बोलवेना.”

मावशी पदराआड तोंड लपवून हसत होत्या. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि त्या मास्तरांकडे वळल्या. “पत्र बनावट आहे, मान्य. पण सिनेमा बघताना तुम्हाला ते कुठे ठाऊक होतं? म्हणजे तुम्ही चुकून बरोबर निघालात.”

“आणि तुम्ही?”

“मी बरोबर वाचून चुकले. त्यात माझी इज्जत जास्त आहे.”

यावर मास्तरांकडे उत्तर होतं, पण बाहेर पुन्हा कुणीतरी खोकलं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी ती दोन पानं इंटरनेटवर टाकली, कवडशाचे चाहते जिथे भांडायचे तिथे. आपली चूक त्यांनी स्वच्छ कबूल केली, फक्त मिशांबद्दल लिहायचं राहून गेलं. शनिवारपर्यंत मावशीचा वाद साफ मिटला होता आणि नवीन पेटला होता. अमावस्या मूळची पुरुष होती का? एकाने तर मिशांच्या वळणावरून चौदाव्या अंकातल्या न्हाव्याशी तिचं नातं जुळवून दाखवलं. डॉक्टरांनी खुलासा लिहिला. त्यांना उत्तर आलं, ‘तुम्ही मूळ अंक नीट वाचलेले दिसत नाहीत.’

रविवारी दुपारच्या खेळाला चौघं गेली. मास्तर, त्यांची बायको, डॉक्टर आणि मावशी. दुसऱ्या भागात कवडशाचं लग्न सूर्यग्रहणात अडकलं होतं, दोन तास ते अडकलेलंच राहिलं. एकदा कारखानदाराच्या मुलाने आजोबांचं बंद घड्याळ उघडलं आणि डोळ्याला भिंग लावलं. डॉक्टर आणि मास्तर एकदम म्हणाले, “बघा!” मागच्या रांगेतून शू-शू झालं. मास्तरांच्या बायकोने दोघांच्या हातात एकेक मऊ केक ठेवला, तोंडं भरलेली राहावीत म्हणून.

खेळ सुटल्यावर चौघं गाड्या लावायच्या जागेत उभी राहिली. ऊन चांगलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं, शेवट फसला. मास्तरांचं म्हणणं, शेवट चालला असता, पण अठराव्या अंकातले ढग हवे होते, ढगांशिवाय कवडसा म्हणजे ब्रेकशिवाय गाडी. बायको म्हणाली की अमावस्येचा काळा झगा खांद्यात उतरला होता, कुणीतरी घाईत शिवला होता, आणि तिला दोन तास दुसरं काही दिसलं नाही.

मावशी उन्हाकडे बघत होत्या.

“मला एक सांगा,” त्या म्हणाल्या. “ऊन पडलं की हा लोकांना वाचवायला जातो. बरोबर? आणि ढग आले की खिडकीशी बसून राहतो. मग ती घड्याळं दुरुस्त करतो कधी?”

डॉक्टर बोटांवर अंक मोजायला लागल्या. मास्तर बोट वर करून राहिले.

“बेचाळीस अंकांत दिलं असेल की,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही दोघांनी वाचलेत ना?”

“दिलंय कुठेतरी,” डॉक्टर म्हणाल्या. “चोविसाव्यात?”

“चोविसाव्यात पूर आहे,” मास्तर म्हणाले. “एकोणतिसाव्यात बघायला हवं.”

“खोका कुठे आहे?”

“आमच्याकडेच. डिकीत.”

मास्तरांनी डिकी उघडली. डॉक्टरांनी पर्समधून हात पुसायचा रुमाल काढून आधी आपले हात पुसले, मग मास्तरांपुढे धरला. दोघं गाडीच्या मागे उकिडवे बसले आणि अंक चाळायला लागले. मावशींनी मास्तरांच्या बायकोला विचारलं, “ब्लाऊज शिवता का हो तुम्ही?” आणि त्या दोघी सावलीत जाऊन उभ्या राहिल्या.